कोर्ट बायकांना सोडून देतं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: मडगावला कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीच्या वर्गात वाद पेटला. मुलांचं म्हणणं, गुन्हे पुरुषच जास्त करतात हे कबूल, पण सापडल्यावर बाई सुटते आणि पुरुष आत जातो, कायदाच बायकांच्या बाजूचा आहे. मुलींचं म्हणणं, पोलीस स्थानकाची पायरी चढलेल्या बाईला जरा विचारून बघा. तिला हवंय ते पुस्तकातलं उत्तर नाही, कोर्टात प्रत्यक्ष काय चालतं ते.

मी फोंडा आणि पणजीच्या कोर्टांत 26 वर्षं फौजदारी कामं चालवते. त्यातली बरीच वर्षं मोफत कायदा साहाय्याच्या पॅनलवर होते, म्हणजे वकील परवडत नाही अशा आरोपींसाठी उभी राहिले. फिर्यादीच्या बाजूनेही अधूनमधून. वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून तू म्हणते. अशिलांच्या गोष्टींतले तपशील बदललेले आहेत. गोवा एवढासा. गावाचं नाव घेतलं की लोकांना वाडा कळतो, आणि वाडा कळला की घर.

तुमच्या वर्गातल्या मुलांनी पाहिलंय ते खरं आहे आणि मुलींनी पाहिलंय तेही. पोलिसांच्या, कोर्टाच्या आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात एक 'बरी बाई' बसलेली असते. समोरची बाई तिच्यासारखी दिसली तर सवलती भराभर मिळतात. नाही दिसली तर तिच्याकडून दोन गुन्ह्यांची वसुली होते, एक आरोपपत्रातला आणि दुसरा बाईसारखं न वागल्याचा. पुरुषांसाठीही असाच एक साचा आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आधी सवलती, त्या लपवण्यात अर्थ नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही. अगदीच नाइलाज असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी आधी घ्यायची. साक्षीदार म्हणून जबाब हवा तर तिच्या घरी जायचं. झडती बाईनेच घ्यायची. जामिनाचं जुनं कलम 437, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 480, असं सांगतं की जन्मठेपेच्या गुन्ह्यातही आरोपी बाई असेल तर मॅजिस्ट्रेट जामीन देऊ शकतो. देऊ शकतो, दिलाच पाहिजे असं नाही. तेवढ्या फटीत तो साचा येऊन बसतो.

एका सोमवारी माझ्याकडे चोरीची दोन कामं होती. एक बाई साडीतली, कडेवर मूल, घरकाम करायची त्या घरातून सोन्याची साखळी उचलल्याचा आरोप. दुसरी मसाज पार्लरमध्ये काम करणारी, जीन्स, दंडावर गोंदवलेलं, एका पर्यटकाचं पाकीट मारल्याचा आरोप. रक्कम पाहिली तर दुसरीची कमीच. पहिलीला त्याच दिवशी जामीन, दुसरीला न्यायालयीन कोठडी. मॅजिस्ट्रेट बाईच होत्या आणि त्यांना मी आजही चांगल्या न्यायाधीश म्हणते. त्या दिवसापासून मी माझ्या महिला अशिलांना आदल्या दिवशी सांगते, साडी नेस, केस बांध, जमलं तर कुंकू लाव. हे सांगताना मला लाज वाटते, तरी सांगते, कारण कोठडीत ती जाणार असते, मी नाही.

वरच्या कोर्टांतही हे होतं. मनी लाँडरिंगच्या कायद्यात बायकांसाठी अशीच सवलत आहे. तेलंगणातल्या नेत्या के. कविता यांना ती नाकारताना दिल्ली उच्च न्यायालयाचा सूर असा होता की इतकी शिकलेली, कर्तबगार बाई दुर्बल कशी म्हणायची? ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि जामीन दिला. आमच्या तालुक्याच्या कोर्टात उच्च न्यायालयाचा तो विचार रोज होतो, फक्त ऑर्डरमध्ये लिहिला जात नाही, त्यामुळे त्यावर अपीलही करता येत नाही.

अमली पदार्थांच्या कामांत ही सवलत जवळजवळ फुकट जाते. व्यापारी प्रमाणात माल सापडला की त्या कायद्याचं कलम 37 आडवं येतं, तिथे बाई-पुरुष भेद नाही. किनारपट्टीवर सापडलेल्या ज्या बायका माझ्याकडे आल्या त्यांतल्या बहुतेक माल पोचवणाऱ्या. बॅग कुणाची तरी, भाड्याची खोली कुणाच्या तरी नावावर, आणि तो 'कुणी तरी' आरोपपत्रात 'फरारी' म्हणून एका ओळीत.

देशभरातल्या तुरुंगांत 100 कैद्यांमागे बायका साधारण 4. खून करणारे बहुसंख्य पुरुष, खून होणारेही बहुसंख्य पुरुषच. हा आकडा पाहून तुमच्या वर्गातली मुलं म्हणतील, बघा, बायका सुटतात. तसं नाही, मुळात बायका गुन्हेच कमी करतात, जगात सगळीकडे. पण त्या 4 टक्क्यांचं काय होतं ते पाहायचं असेल तर मुलाकातीच्या दिवशी कोलवाळला जा. आग्वादचा जुना तुरुंग 2015 मध्ये बंद झाला, तेव्हापासून राज्याचा मुख्य तुरुंग कोलवाळलाच आहे. फाटकाबाहेरच्या रांगेत कोण असतं? आई, बायको, बहीण. हातात कपड्यांची पिशवी, एखादी पेडण्याहून दोन बस बदलून आलेली, एखादी कर्नाटकातून रात्रभर प्रवास करून. सगळ्या आतल्या पुरुषांना भेटायला आलेल्या. आतल्या बाईला भेटायला नवरा आलाय असं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं पाहिलंय. आई येते, ती जिवंत असेल तोवर. सासर पहिल्याच आठवड्यात हात झटकतं. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून बाई आत राहते. कागदावर तिला सवलत मिळालेलीच असते, आकडेवारीत ती 'जामीन मंजूर' म्हणूनच मोजली जाते. सहा वर्षांखालचं मूल आईबरोबर आत राहू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये नीट घालून दिलंय. सहा पूर्ण झाल्यावर ते मूल कुठे जाणार, या प्रश्नाने एका अशिलाने खटला लढवायचा सोडून गुन्हा कबूल केला. शिक्षा भोगलेल्या दिवसांएवढीच व्हावी आणि बाहेर पडावं, एवढाच तिचा हिशेब होता.

आता फिर्यादी बाईकडे येते. इथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे.

गोव्यात पोलिसांचं बहुतेक दप्तर इंग्रजीत चालतं. बाई कोकणीत किंवा मराठीत सांगते, हवालदार मनात भाषांतर करत टाइप करतो, मग तिला वाचून दाखवतो किंवा दाखवत नाही, आणि ती सही करते. एका बाजारात भाजी विकणाऱ्या बाईची फिर्याद होती. तिने सांगितलेलं साधारण असं: 'तो रोज बाकावर बसून घाण बोलायचा. त्या दिवशी त्याने ब्लाऊजला हात घातला. मी चप्पल काढून दोन लगावल्या, तेव्हा पळाला.' कागदावर उतरलं ते असं की आरोपीने फिर्यादीचा विनयभंग करण्याच्या उद्देशाने तिच्यावर बळाचा वापर केला. शिवी गेली, ब्लाऊज गेला आणि चप्पलही गेली. हवालदार दुष्ट नव्हता. त्याला वाटलं असणार, चपला मारणाऱ्या बाईचा विनय भंग झाला असं कोर्टाला कसं पटेल? त्याने तिची बाजू बळकट करायला चप्पल गाळली.

दोन वर्षांनी ती साक्षीला उभी राहिली आणि अर्थातच चप्पल म्हणाली. उलटतपासणीत प्रश्न आला: चपलेची गोष्ट पोलिसांना सांगितली होती का? सांगितली होती. मग जबाबात का नाही? मला काय माहीत. मूळ जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट साक्षीत आली, ही साक्षीतली सुधारणा, म्हणून साक्ष विश्वासार्ह नाही. आरोपी सुटला. उलटतपासणी घेणारी वकील मी होते. माझ्या अशिलासाठी ते काम चोख झालं होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळी मी त्या बाजारातून भाजी न घेता घरी आले.

'विनयभंग' हा शब्दच बघ. पेपरात रोज असतो म्हणून आपल्याला त्यात काही वाटत नाही. आताच्या न्याय संहितेचं कलम 74, जुनं 354. हात तिच्या अंगाला लागलेला असतो आणि कायदा विचारतो तिच्या विनयाला काय झालं. मग उलटतपासणीत विनय शोधणं आलंच: रात्री किती वाजता होतीस, काय घातलं होतंस, आरडाओरडा का नाही केलास. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पत्र मिळवून वाच, कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावंच असं आहे. 1983 मध्ये कायदा बदलला. बाईला संबंधांची सवय आहे का हे बघणारी दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये चुकीची ठरवली आणि 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. एकदा सांगून भागलं नाही यातच काय ते आलं. आमच्याकडे म्हापशाच्या सत्र न्यायालयाने मे 2021 मध्ये एका नामांकित संपादकाला निर्दोष सोडताना फिर्यादी बाईच्या घटनेनंतरच्या वागण्याची लांबलचक चिकित्सा केली. राज्याने त्यावर अपील केलं, त्यामुळे निकाल बरोबर की चूक यात मी पडत नाही. पण अत्याचार झालेली बाई घटनेनंतर कशी दिसायला हवी, याचं एक चित्र आपण सगळेच बाळगून असतो आणि त्या निकालाच्या निमित्ताने त्याची उघड चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती.

फोंड्यात वकिली करणाऱ्याला महानंद नाईकचं नाव टाळून या विषयावर बोलता येत नाही. शिरोड्याजवळच्या तरवळ्याचा रिक्षावाला, एप्रिल 2009 मध्ये सापडला. 1994 पासून 2009 पर्यंत 16 बायकांचे खून केल्याचा आरोप. काही खटल्यांत जन्मठेप झाली, अनेकांत पुराव्याअभावी सुटला. लोक अजून विचारतात, हा माणूस असा कसा? मला तो प्रश्न फारसा उपयोगाचा वाटत नाही. इतक्या लहान राज्यात 15 वर्षं कुणाला पत्ता कसा लागला नाही, हा खरा प्रश्न.

त्याची रीत आठव. लग्नाचं वय उलटत चाललेली, बेताच्या घरातली मुलगी. ओळख, मग लग्नाचं वचन. मग एक दिवस, चल, घरच्यांना भेटवतो, अंगावर दागिने घालून ये, बरं दिसतं. ती घरी खरं सांगत नाही, कारण परक्या पुरुषाबरोबर फिरते हे कळलं तर घरात जागा नाही. दागिने घालते, कारण रिकाम्या अंगाने सासरी तोंड कसं दाखवायचं? एकांतात तिच्याच दुपट्ट्याने गळा. दागिने सोनाराकडे. घरचे दोन दिवस वाट बघतात आणि मग गप्प बसतात, कारण पोरगी पळून गेली असं त्यांना वाटतं आणि पळून गेलेल्या पोरीची तक्रार म्हणजे आपणच आपली अब्रू चावडीवर नेणं. कुणी गेलंच स्थानकावर, तर तिथेही तोच शब्द तयार: पळून गेली असेल, येईल. बेपत्ता नोंदवहीत एक ओळ पडते. वेगवेगळ्या स्थानकांतल्या अशा ओळी एकत्र मांडून पाहायची कुणाला गरज वाटली नाही, कारण प्रत्येक ओळीचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. हुंडा, सोनं, वय, अब्रू हे सगळं त्याला आयतं मिळालं. त्याने स्वतःचं असं काय आणलं, तर फक्त निर्दयपणा.

त्यानंतर बेपत्ता बाईच्या तक्रारी जरा गांभीर्याने घेतल्या जातात. 'पळून गेली असेल' मात्र मी गेल्या वर्षीही ऐकलं.

लग्नाच्या वचनाचा विषय निघालाच आहे तर इथली एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या वकिलांना सांगावी लागते. आपल्याकडे हिंदूंचं लग्न नागरी नोंदणीने होतं. आधी रजिस्ट्रारसमोर लग्नाचा इरादा जाहीर करून पहिली सही, मग मुदत गेल्यावर दुसरी सही. दुसरी झाली की लग्न. पण घराघरांत 'सही झाली' एवढंच म्हणतात, आणि मधल्या काळात देवळात अक्षता पडून मुलगी नांदायलाही जाते. वर्षभराने भांडण झालं की कळतं, दुसरी सही झालेलीच नाही. मग ती छळाची तक्रार घेऊन आली की बचाव पक्ष दाखला मागतो: बायको असल्याचा कागद दाखवा. बायको नसेल तर सासरच्या छळाचं कलम 85, जुनं 498अ, डळमळतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात लग्नासारख्या नात्याला जागा आहे, तिथून वाट काढावी लागते. जुलै 2024 पासून न्याय संहितेत कलम 69 आलंय, लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवल्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षा. पहिल्या सहीचा कागद त्यात पुरावा म्हणून कुणाच्या बाजूने पडणार? तो म्हणणार, सही केली म्हणजे वचन खरंच होतं. ती म्हणणार, सही दाखवूनच फसवलं.

आणखी एक सही आहे. 1867 च्या पोर्तुगीज संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि बायकोच्या सहीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. बाहेरच्या लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, वा, गोव्यातल्या बायका नशीबवान. माझ्याकडे येणाऱ्या मारहाणीच्या तक्रारींत मी आता पहिला प्रश्न विचारते: घरात कुठला विक्रीचा कागद तयार होतोय का? जमिनीचे भाव चढले तसं या प्रश्नाला 'हो' उत्तर वाढत गेलं. अर्धी मालकी आहे म्हणूनच तिच्या सहीसाठी तिचा हात पिरगळला जातो.

498अ च्या गैरवापराबद्दल तुमच्या वर्गातली मुलं बोलली असतील. होतो. मस्कतला राहणारी नणंद, अंथरुणाला खिळलेला आजेसासरा, सगळ्यांची नावं फिर्यादीत आलेली मी पाहिली आहेत. मात्र ही यादी बहुतेक वेळा वकिलाच्या टेबलावर लांबते, बाईच्या तोंडून नव्हे. 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर सरसकट अटक बंद झाली, ते योग्यच झालं.

'संरक्षण' या शब्दाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती देहविक्रीच्या कामांत. वास्कोची बायणा किनाऱ्यावरची वस्ती जून 2004 मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, पाडली गेली. धंदा थांबला नाही, फ्लॅटमध्ये, पार्लरमध्ये, फोनवर गेला. आता छापा पडतो तो बनावट गिऱ्हाईक पाठवून. अनैतिक व्यापाराविरुद्धच्या 1956 च्या कायद्याचं कलम 8, म्हणजे गिऱ्हाइकाला खुणावणं: बाईने केलं तर पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, पुरुषाने केलं तर 7 दिवस ते 3 महिने. वर कलम 10अ: बाईला तुरुंगाऐवजी सुधारगृहात 2 ते 5 वर्षं ठेवता येतं. शिक्षेच्या जागी सुधारणा, आणि सुधारणा शिक्षेच्या कितीतरी पट लांब. पुरुषाला सुधारायची तरतूद नाही.

सोडवून आणलेली म्हणजे गुन्हेगार न ठरवलेली बाईही लगेच घरी जात नाही. ती मेरशीच्या संरक्षण गृहात जाते आणि मॅजिस्ट्रेट कलम 17 खाली चौकशी लावतो: तिचं चारित्र्य काय, तिला ताब्यात घ्यायला आईबाप किंवा नवरा योग्य आहे का. तिशीची बाई असली तरी हेच. चौकशीसाठी तिच्या गावी माणूस जातो, आणि जे तिने दहा वर्षं लपवलं ते एका दुपारी गावाला कळतं. अशी एक बाई मला म्हणाली, 'मॅडम, मला सोडवलं कुणी, त्यांना सांगा परत धरून न्या.' मी ते हसण्यावारी नेलं नाही. छाप्यातला दलाल तोवर जामिनावर बाहेर होता, त्याला जामीनदार पहिल्या दिवशी मिळाला होता.

खुनाच्या कलमातही साचा आहे, आणि तो पुरुषाच्या रागाच्या मापाने कापलाय. गंभीर आणि अचानक चिथावणी असेल तर खून सदोष मनुष्यवधावर येतो. अचानक, म्हणजे तिथल्या तिथे रक्त उसळून. मार खाणारी बाई अशी उसळत नाही, ती तेवढी ताकदवान नसते. ती थांबते, तो झोपतो किंवा पाठ फिरवतो तेव्हा हात उचलते, आणि कायद्याला त्यात थंड डोकं दिसतं. माझी एक अशील, नवऱ्याच्या बारा वर्षांच्या माराने डाव्या कानाने बहिरी झालेली, आदोळीने मारलं होतं, आदोळी म्हणजे आपली विळी. सरकारी वकिलांनी विचारलं, माहेरी का नाही गेलीस? ती म्हणाली, 'गेले होते, तीनदा. माहेरचेच परत पोचवून गेले.' तेवढं वाक्य मी अंतिम युक्तिवादात चार वेळा वाचलं. गंमत अशी की आम्हाला आधार मिळाला तो नानावटी खटल्याचा. 1959 मध्ये बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा तो खटला. 1961 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं नाही, पण एक सूत्र लिहून ठेवलं: मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली तीही पाहता येईल. ते सूत्र धरून मार खाल्लेल्या बाईची बारा वर्षं आम्ही रेकॉर्डवर आणली. खून टिकला नाही, सदोष मनुष्यवध झाला.

पुरुषांचा साचा: पुरुषावर अत्याचार होत नाही आणि झाला तर तो बोलत नाही. मडगावचं फ्रेडी पीट्स प्रकरण उघडकीला आलं 1991 मध्ये, शिक्षा झाली 1996 मध्ये. अनाथाश्रमाच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलग्यांवर अत्याचार. शेजारीपाजारी त्याला पुण्यवान समजत होते. मुली असत्या तर संशय आला असता, असं मला एका जुन्या मडगावकराने सांगितलं. 2003 चा गोवा बाल कायदा त्या धक्क्यातून आला, मुलगा-मुलगी दोघांना सारखा, आणि केंद्राचा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 2012 मध्ये म्हणजे नऊ वर्षांनी. पण 18 पूर्ण झालं की मुलगा उघड्यावर. न्याय संहितेतली बलात्काराची व्याख्या पुरुष आरोपी आणि बाई पीडित अशीच आहे. अनैसर्गिक संबंधांचं जुनं कलम 377 होतं ते 1 जुलै 2024 पासून गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. किनाऱ्यावरच्या एका शॅकमधला परप्रांतीय वेटर मालकाच्या पाहुण्याने काय केलं ते सांगायला माझ्याकडे आला. स्थानकावर आधी हसले होते. आम्ही लावू शकलो ती कलमं: दुखापत, डांबून ठेवणं, धमकी. तृतीयपंथी व्यक्तीसाठी 2019 च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला 6 महिने ते 2 वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान 10. शरीर तेच, वेदना तीच. मुलांना वर्गात कायदा बाईच्या बाजूचा वाटतो तो इथे, आणि इथे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

तू प्रबंधाचा विषय शोधत असशील तर एक लहानसं काम सुचवते. कोर्टाच्या रेकॉर्डमधल्या फिर्यादींत आणि आरोपपत्रांत 'व्यवसाय' असा रकाना असतो. बायकांच्या नावापुढे त्यात काय लिहिलंय ते मोज. तीस वर्षं मासळी विकणारी, काजूच्या कारखान्यात जाणारी, दुसऱ्याच्या शेतात लावणी करणारी, सगळ्या 'हाऊसवाइफ'. गेल्या पावसाळ्यात मी एका मासळीवालीला तिच्या भाच्याची जामीनदार म्हणून उभी केली. मॅजिस्ट्रेटनी कागद पाहिला आणि म्हणाले, या गृहिणी आहेत, यांना उत्पन्न काय? ती माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, 'त्यांना विचारा, रविवारी त्यांच्या घरी सुरमई कोण देतं.' कोर्टात हशा पिकला. मी पेनने तो शब्द खोडून व्यवसाय लिहिला, बाजूला सही केली, आणि दुपारपर्यंत भाचा बाहेर आला.